फळ्यांची भिंत आणि तिची निगा

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात खडकवासला येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस ‘शिक्षणाचे महत्त्व’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. छत्तीस वर्षे खडूच्या धुळीत काढलेल्या निवृत्त शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करावयाची! परंतु आम्हीच विषय बदलून मागितला. शिक्षणाचे महत्त्व आता आपल्या ज्ञातीत कोणासही पटवून द्यावे लागत नाही. आपली मुले अभियंते झाली, मुली डॉक्टर झाल्या, काही परदेशीही गेल्या. जे पटवून द्यावे लागेल असे आमच्या ध्यानी आले, ते निराळेच आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्याच ज्ञातीतील तीन घरांच्या माडीवरील फळ्यांच्या भिंती उतरवून तेथे रंगीत पत्रे ठोकलेले आम्ही पाहिले. सुताराच्या घरची लाकडी भिंत मोडीत निघावी आणि तिच्या जागी पत्रा यावा, ह्यात लाजेचा भाग किती हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतो. ती भिंत मोडीत काढण्याची खरोखर गरज होती काय, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम, फळ्यांची भिंत म्हणजे काय ते तरुण मंडळींसाठी सांगितले पाहिजे. आपल्या ह्या मुठेच्या खोऱ्यात पाऊस नुसता वरून पडत नाही, तो पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून आडवा येतो. त्यास आपण झड म्हणतो. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण येथून वर पानशेत, टेमघरकडे जावे तसतसा तो कितीतरी पटींनी वाढत जातो. म्हणून जुन्या लोकांनी खालचा मजला दगडमातीचा आणि वरची माडी लाकडी सांगाड्याची बांधली, व माडीच्या झडीकडील अंगास आडव्या फळ्या अशा मारल्या की, वरच्या फळीचा खालचा काठ खालच्या फळीवर इंच-सव्वा इंच चढावा. कौलावर कौल चढते तीच ही रीत. कौले आडवी नसून उतरती असतात आणि फळ्या उभ्या अंगास असतात, एवढाच भेद. आतील भिंतीचे रक्षण करणे हे तिचे काम होय. ती घराची शोभाही आहे. परंतु शोभा हे तिचे दुय्यम कार्य, प्रथम ती घराची घोंगडी आहे.

आता लोक म्हणतात, “मास्तर, लाकूडच ते, किती दिवस टिकणार? पन्नास-साठ वर्षे झाली, आयुष्य संपले.” हा समज आपल्यातही इतका पसरला आहे की, आमच्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ तोच आहे. लाकडास माणसासारखे वय नसते. ह्याचा पुरावा पाहावयास फार लांब जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात, मावळात, कार्ल्याची लेणी आहेत. तेथील मोठ्या चैत्यगृहाच्या कमानदार छतास लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. लेणे पाषाणाचे, पण फासळ्या लाकडाच्या. आणि त्या लेण्याच्या काळातल्याच, म्हणजे सुमारे २००० वर्षांच्या आहेत. बाहेर लोणावळ्याचा धुवांधार पाऊस कोसळतो, परंतु आत त्या लाकडास पावसाचा थेंब लागत नाही आणि वारा खेळता राहतो. ज्या कारागिरांनी त्या फासळ्या घडविल्या त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र अजून जागेवर आहे. मग आपल्या माडीवरच्या फळ्या साठ वर्षांत म्हाताऱ्या कशा होतील?

लाकूड वयाने मरत नाही. ते अडकून राहिलेल्या पाण्याने मरते. आमच्या आजच्या व्याख्यानाचे सार हेच एक वाक्य आहे.

‘अडकून राहिलेल्या’ ह्या शब्दांवर आम्ही मुद्दाम भर देतो. नुसत्या भिजण्याने लाकडाचे फारसे बिघडत नाही. लाकूड कुजते म्हणजे त्याच्यावर एक प्रकारची बुरशी वाढते आणि ती लाकडाचा बळकट भाग खाऊन टाकते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे शेकडा २० च्या आत ओल असेल तर ही बुरशी वाढू शकत नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात उघड्यावरच्या फळीतील ओल ह्याहून पुष्कळच खाली असते. पावसाळ्यात ती वाढते, फळी भिजते, पुन्हा उघडीप पडली की सुकते. असे कितीही वेळा झाले तरी चांगल्या सागवानाच्या गाभ्याचे लाकूड ते सोसते, कारण त्यात निसर्गत:च तेलकट आणि कीडनाशक द्रव्ये असतात. परंतु पाणी एकदा आत गेले आणि त्यास बाहेर येण्याची वाट राहिली नाही, तर उत्तमातले उत्तम सागवानही काही वर्षांत भुसभुशीत होते.

आमच्या पाहण्यातील एक दाखला ह्या संदर्भात देतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने आपल्या खडकवासल्याच्या धरणासही भगदाड पडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाड्यांच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या आणि वाडे बसले. त्या ढिगाऱ्यांतून निघालेले सागवान पुढे विक्रीस आले. आमच्या वडिलांनी आणि त्यांच्या चुलतभावाने एकाच वखारीतून त्यातील फळ्या आणल्या व दोघांनी आपापल्या माडीस मारल्या. पुराच्या गढूळ पाण्यात बुडालेल्या त्या फळ्या सावलीत सावकाश सुकविल्यावर ठणठणीत निघाल्या. आमच्या घरच्या फळ्या आजही जागेवर आहेत. त्या दुसऱ्या घरी मात्र पुढे कोणा गवंड्याच्या सल्ल्यावरून फळ्यांच्या पायथ्याशी सिमेंटचा गिलावा चढविला गेला, म्हणजे ‘पाणी आत शिरू नये’. बारा वर्षांत तळच्या चार ओळी कुजल्या. लाकूड एक, वखार एक, कारागीर एकाच घरचे. ज्या फळ्यांनी महापूर सोसला त्यांना मूठभर सिमेंटने संपविले, कारण पूर आला आणि गेला, सिमेंटमागचे पाणी मात्र आले आणि राहिले.

पाण्यास अडवू नये, त्यास वाट द्यावी, हा धडा आपल्या गावाइतका दुसऱ्या कोणत्या गावास ठाऊक असावा? आपले धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे १९०३ साली ह्याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठराविक पातळीवर चढले की दारे आपोआप उघडत, आणि उतरले की मिटत. पाण्याशी बळाने झगडण्याऐवजी त्यास शिस्तीने जाऊ देणे, ही त्या युक्तीतील खुबी होय. १९१६ साली स्थापन झालेली आणि पाण्याच्या वागणुकीचा अभ्यास करणारी केंद्रीय संशोधन संस्थाही आपल्याच गावात आहे. अशा गावच्या सुतारास भिंतीवरचे पाणी कोठून येते व कोठे जाते हे कळू नये, हे शोभत नाही.

आपल्या पूर्वजांस ते कळत होते. वाड्याचा लाकडी खांब त्यांनी कधी थेट जमिनीवर उभा केला नाही. खाली दगडी तळखडा बसविला, म्हणजे जमिनीची ओल खांबाच्या तळास शिवू नये. लाकडाचे आडवे अंग पाणी सावकाश पिते, पण त्याचे कापलेले टोक ते कित्येक पटींनी वेगाने ओढून घेते. गवताच्या काड्यांची पेंढी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे ह्याचे कारण समजेल. काड्यांच्या पोकळ्या टोकाशीच उघड्या असतात. म्हणून जुने कारागीर फळ्यांची टोके उघडी ठेवीत नसत, त्यांवर उभी पट्टी मारीत. सर्वांत खालची फळी जमिनीपासून किंवा ओट्यापासून सहा-आठ इंच वर ठेवीत, म्हणजे पागोळ्यांचे उडालेले शिंतोडे तिच्यावर येऊ नयेत. तिच्या खालच्या काठास आतल्या अंगाने एक बारीक खाच रंध्याने पाडीत, म्हणजे थेंब त्या खाचेशी येऊन खाली पडतो, मागे सरकून भिंतीत शिरत नाही. आणि फळी व आतील भिंत ह्यांच्यामध्ये पट्ट्या मारून बोटभर पोकळी ठेवीत. वारा तेथून फिरतो आणि मागील ओल काढून नेतो. ही पोकळी म्हणजे भिंतीचा श्वास होय. ती वाळू, सिमेंट वा चिंध्या कोंबून कोणी बंद केली तर भिंतीचा गळा आवळल्यासारखेच आहे.

आता ह्यावर कोणी म्हणेल की, हे सारे जुन्या भिंतींचे कौतुक झाले, कुजलेल्या भिंतीचे काय? त्यासाठी गेल्या वर्षीची एक हकीकत सांगतो. आपल्या ज्ञातीतील एका विधवा भगिनीच्या घरी, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, एका ठेकेदाराने येऊन सांगितले की, माडीची सगळी भिंत सडली आहे, ती उतरवून पत्रा मारावा लागेल, जुने लाकूड आम्हीच नेऊ. पत्र्याचा खर्च तिच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून कर्ज काढण्याची वेळ आली होती. तिने आम्हांस विचारले, “मामा, एकदा येऊन पाहता का?” आम्ही आणि ज्ञातीतील एक वृद्ध कारागीर असे दोघे गेलो. आमच्या हाती साधा दाभण होता. चव्वेचाळीस फळ्या एक एक करून टोचून पाहिल्या. नऊ फळ्यांच्या तळाशी दाभण लोण्यात जावा तसा गेला. बाकी पस्तीस फळ्यांत तो पाव इंचही शिरेना. रंग उडालेला, वरून करड्या पडलेल्या, पण आत पिवळाधमक सागवान. त्या नऊ फळ्यांचेही वीतभरच भाग गेले होते, आणि सगळे एकाच कोपऱ्यात, कारण वर पन्हळीचा सांधा फुटलेला होता. रोग पन्हळीस आणि औषध भिंतीस, असा तो प्रकार! पन्हळ दुरुस्त झाली, नऊ तुकडे बदलले, कर्ज टळले. मोडीत जाणाऱ्या त्या जुन्या सागवानास बाजारात काय किंमत येते हे आपणांस ठाऊकच आहे. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटात जाऊन कोणीही जुन्या सागाचा भाव विचारावा आणि मग घरच्या भिंतीकडे पाहावे.

ह्यासाठी आम्ही आपणांस एक वार्षिक क्रम सुचवितो. तो फार सोपा आहे.

चैत्र-वैशाखात, म्हणजे मृग लागण्यापूर्वी महिना-दीड महिना, घरातील एका जाणत्या माणसाने एक सकाळ ह्या कामास द्यावी. प्रथम वर पाहावे: कौल सरकले आहे काय, पन्हळ तुंबली आहे काय, वळचण पुरेशी बाहेर आहे काय. भिंतीच्या दहा दुखण्यांपैकी बहुतेकांचे मूळ भिंतीच्या वर असते. मग खाली पाहावे: पायथ्याशी माती, सरपण, गोवऱ्या, विटा ह्यांचा ढीग फळ्यांस टेकला आहे काय, असल्यास हलवावा. मग दाभणाने टोचावे, विशेषत: फळ्यांची टोके, खिडकीच्या चौकटीखालील भाग आणि तळची ओळ. चांगल्या लाकडाचा सल काढला तर तो लांब, तंतूंसारखा निघतो. कुजक्या लाकडाचा तुकडा आखूड, खुसखुशीत तुटतो. ही परीक्षा लहान मूलही शिकू शकते. ज्या भगिनी रोज घर झाडतात त्यांच्या नजरेस ही चिन्हे पुरुषांच्या आधी पडतात. म्हणून ही परीक्षा त्यांस अवश्य शिकवावी, आणि त्या सांगतील ते ऐकावेही.

दुरुस्तीचे नियम तितकेच थोडे आहेत. कुजलेला भाग कापताना चांगले लाकूड लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढे दोन-तीन इंच कापावे, कारण बुरशीची मुळे डोळ्यांस दिसतात त्याहून पुढे गेलेली असतात. पण सबंध फळी टाकून देऊ नये. धोतर खोच लागल्यावर थिगळ लावतात, नवे धोतर आणीत नाहीत. थिगळाचा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा, त्याच जाडीचा, त्याच दिशेच्या रेषांचा आणि पूर्ण वाळलेला असावा. गाभ्याचे लाकूड घ्यावे. कडेचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी ते टिकत नाही. सांधा नेहमी मागील पट्टीवर यावा आणि तो तिरका कापावा, म्हणजे सांध्यात गेलेले पाणी बाहेरच्या बाजूसच उतरेल. नव्या तुकड्याच्या कापलेल्या टोकांस बसविण्यापूर्वीच दोनदा अस्तर द्यावे. एकदा बसल्यावर तेथे हात पोहोचत नाही. जुनी फळी काढावयाची असेल तर वरच्या फळीखाली हलकेच पाचर मारून ती उचलावी, खिळा करवतीच्या पात्याने कापावा व फळी खाली ओढावी. पहारीने उचकटली तर एका फळीसाठी तीन फळ्या फुटतात.

खिळ्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाकूड लांबीस फारसे वाढत नाही, पण रुंदीस फुगते. उन्हाळ्यात सुकलेली आठ इंची फळी पावसाळ्यात जवळजवळ एक सूत रुंद होते. तिला हलावयास जागा पाहिजे. म्हणून खिळा किंवा स्क्रू असा मारावा की, तो वरच्या फळीतून जाईल, परंतु तिच्याखाली दडलेल्या फळीचा काठ त्यात सापडणार नाही. दोन्ही काठ जखडले की फळी मधोमध तडकते, आणि मग दोष लाकडास लावला जातो. ह्याच कारणास्तव उन्हाळ्यात रुंदावलेल्या बारीक भेगा लांबी ठासून भरू नयेत. पावसाळ्यात फळी फुगली की तिला जागा उरत नाही आणि ती बाक धरते. लोखंडी खिळा गंजून फुगतो व लाकूड फोडतो. जस्ताचा मुलामा दिलेला किंवा पितळी स्क्रू दोन पैसे महाग पडतो, पण पिढीभर पुरतो.

रंगरोगणाचा प्रश्न आपल्याकडे फार गैरसमजाचा झाला आहे. जाड, प्लॅस्टिकसारखा थर देणारा रंग एकावर एक चढविला की, लोकांस भिंत सुरक्षित झाली असे वाटते. वस्तुत: त्या थरास एक बारीक चीर पडली की पाणी आत जाते आणि थराखाली कोंडले जाते. रंगास फोड येतात ते त्यामुळेच. फोड म्हणजे आतील ओलीची हाक आहे. तेथे पुन्हा रंग फासणे म्हणजे तापावर पांघरूण घालणे होय. सागवानी फळ्यांस बेलतेलाचे पातळ हात, कापडाने चोळून, हे पूर्वापार चालत आलेले औषध आजही चांगले. हात पातळच द्यावा, कारण न मुरलेले तेल चिकट राहते व त्यावर बुरशीचे काळे डाग पडतात. तेल देण्याची वेळ पावसाळ्यापूर्वीच्या घाईची नव्हे. हस्ताचा पाऊस सरून, दिवाळीनंतर लाकूड नीट वाळले की ते द्यावे; ओल्या लाकडावर दिलेले तेल ओल आत कोंडते.

ह्या कामी दोन धोके आहेत आणि ते प्रत्येक घरी सांगितले गेले पाहिजेत. पहिला आगीचा. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो काडी न लावता आपणहून पेटू शकतो, कारण हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठत जाते. काम झाले की चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. दुसरा धोका जुन्या रंगाचा. पूर्वी सफेता आणि शेंदरी अस्तर ह्यांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात दशलक्षांशी ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तेव्हा त्याआधीचा रंग खरवडताना त्यात शिसे आहे असे समजूनच वागावे. तो कोरडा घासू नये, दिव्याने जाळू नये. पाणी मारून ओला खरवडावा, नाकास मुखपट्टी बांधावी, खाली कागद अंथरून खरवड गोळा करावी आणि लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस तेथे फिरकू देऊ नये. शिशाने लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. घर जपताना घरची लेकरे आधी जपावीत.

वाळवीसंबंधी थोडक्यात सांगतो. आपल्याकडील वाळवी जमिनीतून येते आणि उजेड टाळण्यासाठी मातीची बारीक नळी बांधीत भिंतीवर चढते. पायथ्यावर ही नळी दिसली की समजावे. नळी नुसती पुसून टाकल्याने वाळवी जात नाही. मात्र पुसलेल्या जागी चार दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वाळवी जिवंत आहे हे कळते. औषध जाणकार माणसाकडून जमिनीत घालून घ्यावे. जुन्या काळच्या आल्ड्रिनसारख्या औषधांवर आता बंदी आहे, ती कोणी देऊ केली तरी घेऊ नयेत. मोटारीचे जळके तेल पायथ्याशी ओतण्याची चाल तर सर्वथा सोडावी. त्याने माती नासते आणि जवळची विहीरही नासते. आपल्या गावाचे पाणी पुढे सारे पुणे पिते, ह्याचे भान आपणांस हवे.

कुजलेला तेवढाच भाग काढून नवा जोडण्याची ही रीत दरिद्र्याची नव्हे. पुण्यातील विश्रामबाग वाडा, दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, त्याचा सुरूच्या आकाराच्या खांबांचा लाकडी दर्शनी भाग आपण सर्वांनी पाहिला आहे. १८७९ सालच्या आगीची झळ त्यासही लागली, पण म्हणून तो टाकून दिला गेला नाही. नॉर्वे देशात बोर्गुंड येथे बाराव्या शतकाच्या अखेरचे लाकडी प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याची भिंत लाकडाची, पाया दगडाचा आणि संरक्षण झाडाच्या डांबराचे, जे ठराविक काळाने पुन:पुन्हा दिले जाते. जपानात होर्यूजी येथील लाकडी बौद्ध मंदिरे सुमारे १३०० वर्षांची आहेत. खांबाचा तळ कुजला तर तेथील सुतार तेवढाच तळ कापून नवे लाकूड खाचेत बसवितात. त्या कारागिरांस तेथे विद्वानाचा मान मिळतो. आपल्या आजोबांच्या हातात हीच विद्या होती. मान मात्र नव्हता.

आता ज्ञातीपुढील मूळ प्रश्नाकडे येतो. बारा बलुतेदारांत आपले घर होते. वर्षाकाठी धान्याचे बलुते मिळे आणि त्या बदली गावचे नांगर, गाड्या, दारे नीट राखावी लागत. ती पद्धत गेली हे बरेच झाले. तीत कारागिराच्या श्रमाचे मोल दुसऱ्याच्या खळ्यावर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर ठरे. परंतु तीत एक शहाणपण होते. मोबदला मोडतोडीवर नव्हे, वर्षावर ठरलेला असल्यामुळे वस्तू मोडू नये ह्यातच सुताराचे हित असे. आज नेमके उलटे झाले आहे. जो भिंत मोडण्यास सांगतो त्यास पैसे मिळतात. जो ‘भिंत चांगली आहे, नऊ तुकडे बदला’ असे सांगतो त्यास कोणी विचारीत नाही. आणि असे सांगू शकणारी माणसे आपल्या ज्ञातीत आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांतील बहुतेक सत्तरी ओलांडलेली आहेत.

३० जून २०२१ पासून आपले खडकवासला पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आता येथे इमारती चढतील, जमिनीचे भाव चढतील, जुनी घरे पडतील. सगळी घरे राखा असा आमचा आग्रह नाही. ज्याचे कुटुंब वाढले त्याने नवे घर जरूर बांधावे. पण ज्यास जुन्याच घरी राहावयाचे आहे, त्याने केवळ अज्ञानापोटी चांगली भिंत मोडू नये आणि कर्जात पडू नये, एवढे पाहणे ज्ञातिमंडळाचे कर्तव्य नव्हे काय?

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी आहे. दरवर्षी वैशाखात दोन जुने कारागीर आणि चार तरुण अशी एक तुकडी मंडळाने नेमावी. ज्ञातीतील ज्या घरास लाकडी भिंत, माडी किंवा खांब आहेत त्या घरी तिने जावे, दाभणाने परीक्षा करावी आणि काय चांगले, काय वाईट हे कागदावर लिहून द्यावे. कारागिरांस त्यांच्या दिवसाची योग्य मजुरी मंडळाने द्यावी. ज्येष्ठांचे ज्ञान फुकट घेण्याची सवय आपणही लावून घेऊ नये. तरुणांत मुलीही असाव्यात. अभियंता झालेल्या मुलास लाकडातील ओलीचे गणित अवगत असते, पण रंधा कोणत्या दिशेने चालवावा हे आजोबांकडूनच शिकावे लागते. दोघे एका शिडीवर चढले तर दोघांचेही शिक्षण होईल, आणि चिटणिसांनी आम्हांस मूळ दिलेला विषयही मग आपोआप पुरा होईल.

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तीत आम्ही वयाच्या अधिकाराने एवढीच भर घालू इच्छितो की, दोन्ही पाहावी राखून. ह्या वर्षी मृगापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराच्या झडीकडील अंगास एक फेरी मारावी, एवढी विनंती आहे.